दोन मिलिमीटरचं भोक आणि तीन वर्षांचा संशय

२९ ऑगस्ट २०१८. ग्रीनिच वेळेनुसार रात्रीचे सुमारे अकरा, म्हणजे आपल्याकडे ३० तारखेची पहाट. ह्यूस्टन आणि मॉस्को इथल्या नियंत्रण कक्षांत बसलेल्या लोकांना दिसलं, की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या हवेचा दाब हळूहळू उतरतोय. स्थानकावरचे सहाही जण झोपले होते. गळती इतकी बारीक होती की जिवाला तातडीचा धोका नव्हता. म्हणून त्यांना झोपू द्यायचं ठरलं आणि सकाळी उठल्यावर बातमी दिली गेली.

पुढचे काही तास कुठल्याही प्रशिक्षणात शिकवावेत असे आहेत. सगळे जण रशियन भागात जमले. एकेका विभागाचं दार बंद करायचं, दाब उतरायचा थांबतो का ते पाहायचं, नाही थांबला तर पुढचं दार, असं करत शोध रास्स्वेत विभागाला जोडलेल्या सोयूझ एमएस-०९ या यानापर्यंत आला. यानाच्या गोलाकार राहत्या भागाच्या भिंतीत सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचं भोक होतं. युरोपीय अवकाश संस्थेचे जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट यांनी ते आधी चक्क बोटाने दाबून धरलं. त्यावर तात्पुरती कॅप्टॉनची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची, चिकटपट्टी आली. मग यानाचे रशियन कमांडर सर्गेई प्रोकोप्येव्ह यांनी इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात भिजवलेलं गॉझ भोकात ठासलं.

या दुरुस्तीच्या वेळी मतभेद झाला. स्थानकाचे अमेरिकन कमांडर ड्र्यू फॉइस्टल यांचं म्हणणं होतं की घाई नको. भोक नीट बुजवायची संधी एकदाच मिळेल, तेव्हा हा उपाय आधी जमिनीवर करून पाहा. मॉस्कोने काम पुढे न्यायला सांगितलं. लावलेल्या लेपात बुडबुडा दिसला तेव्हाही थोडी चर्चा झाली. शेवटी दाब स्थिर राहिला आणि विषय मिटला. हे सगळं खुल्या संपर्कावर झालं, बाहेरच्या लोकांनाही ऐकू आलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. एका देशाचा कमांडर दुसऱ्या देशाच्या नियंत्रण कक्षाला तोंडावर सांगतो की मला हे पटत नाही, त्याचं ऐकून घेतलं जातं, निर्णय वेगळा होतो आणि माणसं पुन्हा कामाला लागतात. संशयाने पोखरलेल्या पथकात असं बोलणं होत नाही.

त्या दिवशी स्थानकावर फॉइस्टल, रिकी अर्नॉल्ड आणि सेरेना औन्योन-चान्सलर हे तीन अमेरिकन, प्रोकोप्येव्ह आणि ओलेग आर्तेम्येव्ह हे दोन रशियन, आणि गेर्स्ट अशी सहा माणसं होती. एमएस-०९ यान ६ जूनला कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून प्रोकोप्येव्ह, गेर्स्ट आणि औन्योन-चान्सलर यांना घेऊन निघालं होतं. म्हणजे भोक सापडलं तेव्हा ते जवळपास तीन महिने अंतराळात होतं.

सोयूझची रचना इथे समजून घ्यावी लागते, कारण पुढचे बहुतेक आरोप तिच्याकडे दुर्लक्ष करूनच टिकतात. यानाचे तीन भाग असतात. पुढे गोलाकार राहता भाग, मधे घंटेच्या आकाराची परतीची कुपी, मागे इंजिन आणि यंत्रसामग्री. पृथ्वीवर परत येते ती फक्त मधली कुपी. बाकीचे दोन भाग उतरण्याआधी वेगळे होऊन वातावरणात जळून जातात. भोक राहत्या भागात होतं. मधलं दार लावलं की कुपीत बसलेल्या तिघांच्या परतीच्या प्रवासाशी त्या भोकाचा संबंध उरत नव्हता. पण याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरून गेली होती: यान परतेल तेव्हा मुख्य पुरावा राख होणार.

ड्रिलच्या खुणा

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, सूक्ष्म उल्केचा कण लागला असेल. स्थानकावर असे कण आदळतच असतात. पण आतून काढलेले फोटो आले तेव्हा भोकाच्या कडेला ओरखडे दिसले, ड्रिलचं पातं पृष्ठभागावर घसरल्यावर उठतात तसे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रॉसकॉसमॉस या रशियन अवकाश संस्थेचे प्रमुख दिमित्री रोगोझिन यांनी जाहीरपणे सांगितलं की हे काम ड्रिलचं आहे, हात थरथरत होता, एकाहून अधिक वेळा प्रयत्न झालेला दिसतो. कारखान्यातली चूक की मुद्दाम केलेलं कृत्य, जमिनीवर की अंतराळात, असे सगळेच पर्याय त्यांनी उघडे ठेवले.

प्रकरण वळलं ते इथे. चौकशी पूर्ण होण्याआधीच संस्थेच्या प्रमुखाने 'अंतराळात, मुद्दाम' हे दोन शब्द शेजारी ठेवले. १२ सप्टेंबरला मॉस्कोच्या 'कोमर्सांत' वृत्तपत्रात बातमी आली की आजारी सहकाऱ्याला लवकर घरी पाठवता यावं म्हणून अमेरिकनांनीच भोक पाडलं असावं, या शक्यतेचा तपास चालू आहे. तेव्हा ते सहाही जण अजून वरच होते. त्याच यानाने तिघांना परतायचं होतं, आणि ज्यांच्यावर आरोप होतोय आणि ज्यांच्या देशातून होतोय ते एकाच टेबलाभोवती जेवत होते.

फॉइस्टल यांनी स्थानकावरूनच एका अमेरिकन वाहिनीला निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं, की पथकाचा याच्याशी काही संबंध नाही आणि त्यावर वेळ घालवणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. नासाचे प्रमुख जिम ब्रायडनस्टाइन आणि रोगोझिन यांचं फोनवर बोलणं झालं. चौकशी पूर्ण होईपर्यंत निष्कर्ष काढायचे नाहीत, असं संयुक्त निवेदन निघालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र रोगोझिन म्हणाले की उत्पादनातल्या दोषाची शक्यता पहिल्या चौकशीने बाद केली आहे. नासाला लगेच खुलासा करावा लागला, की उत्पादनदोष नाही याचा अर्थ कुणी वाईट हेतूने भोक पाडलं असा आपोआप होत नाही.

आता तर्काने पाहू. भोक अंतराळात पाडलं असतं तर हवा त्या क्षणापासून जायला लागली असती. दाब उतरताना दिसला तेव्हा पथक झोपेच्या वेळेत होतं. अमेरिकन वृत्तांनुसार, गळती सुरू होण्याआधी आपले अंतराळवीर कुठे होते हे नासाने तपासलं होतं आणि त्यांच्यापैकी कुणीही त्या यानाजवळ नव्हतं. उलट भोक जमिनीवरच पडलं असेल, कुणी घाबरून ते गोंदासारख्या पदार्थाने बुजवलं असेल आणि महिनोन्‌महिन्यांच्या उष्णता-थंडीने तो लेप सुकून सुटला असेल, तर गळती अचानक आणि भलत्याच वेळी सुरू होणं समजण्यासारखं आहे. ही शक्यता रशियन माध्यमांतूनच आधी पुढे आली होती. माझा कल तिच्याकडे आहे. पण हा कल आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

कारखान्याचं नाव काढलं की रशियन अवकाश उद्योगाच्या जुन्या जखमा उघड्या पडतात. २ जुलै २०१३ ला बायकोनूरहून उडालेला प्रोटॉन अग्निबाण काही सेकंदांत उलटून कोसळला, कारण कोनीय वेग मोजणारे संवेदक उलटे बसवले होते. २०१७ मध्ये व्होरोनेझच्या कारखान्यात बनलेली प्रोटॉनची इंजिनं परत मागवावी लागली, कारण ठरलेल्याऐवजी भलताच धातू वापरला गेला होता. एखाद्या कामगाराच्या हातून ड्रिल घसरणं आणि त्याने ते लपवणं, हे यात न बसणारं काही नाही. सोयूझ बनवणारी एनर्गिया ही तिथली सर्वांत मानाची संस्था. दोष तिच्या दारात आला असता तर नव्या प्रमुखाची, म्हणजे मे २०१८ मध्ये पदावर आलेल्या रोगोझिन यांची, पंचाईत झाली असती. त्यातच अमेरिकेची खासगी याने तयार होत आली होती आणि एका जागेमागे सुमारे ८ कोटी डॉलर मिळवून देणारी सोयूझची मक्तेदारी संपणार होती.

हेतूचा आरोप तर आणखी कमकुवत आहे. कुणी आजारी पडलं तर लवकर परतण्यासाठी यानाला भोक पाडावं लागत नाही, तसं सांगावं लागतं. हे रशियाइतकं कुणालाच ठाऊक नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये सॅल्यूत-७ स्थानकावर कमांडर व्लादिमीर वास्युतिन आजारी पडले, तेव्हा मोहीम अर्धवट सोडून तिघेही सोयूझ टी-१४ मधून परत आले होते.

चाकूने कापलेलं आवरण

डिसेंबरमध्ये घडलेली घटना या प्रकरणातली सर्वांत धाडसी, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. भोक आतून बुजलं होतं, पण बाहेरून कसं दिसतं ते कुणी पाहिलं नव्हतं. सोयूझच्या बाहेर दुरुस्तीसाठी जाण्याची सोयच नाही. हाताने धरायला दांड्या नाहीत, पाय अडकवायला जागा नाही. ११ डिसेंबर २०१८ ला प्रोकोप्येव्ह आणि नुकतेच आलेले ओलेग कोनोनेन्को बाहेर पडले. लांब दांड्याच्या टोकाला लटकत त्यांनी यानावरचं उष्णतारोधक आवरण आणि उल्कांपासूनचं कवच चाकूने कापलं, भोकाची जागा शोधली, नमुने खरवडून घेतले, फोटो काढले. ७ तास ४५ मिनिटं ते बाहेर होते. फुगलेल्या पोशाखात, हातमोज्यांत, हातात चाकू. ज्या यानाने नऊ दिवसांनी घरी परतायचं, त्याच यानाचं आवरण प्रोकोप्येव्ह फाडत होते.

२० डिसेंबरला तिघे कझाकस्तानात सुखरूप उतरले. राहता भाग ठरल्याप्रमाणे जळून गेला. काही दिवसांनी मॉस्कोत पत्रकारांनी विचारलं तेव्हा प्रोकोप्येव्ह यांनी आपल्या पथकाबद्दल असा वाईट विचार करू नये, एवढंच ठामपणे म्हटलं. भोक कोणी पाडलं ते तपास यंत्रणांनी ठरवावं, असं ते म्हणाले. सहापैकी प्रत्यक्ष हात लावून ते भोक बुजवणारा आणि बाहेरून पाहणारा हा एकच माणूस. त्याने सहकाऱ्यांवर बोट रोखलं नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये रोगोझिन तरुणांच्या एका कार्यक्रमात म्हणाले की काय झालं ते आम्हाला नेमकं ठाऊक आहे, पण तुम्हाला सांगणार नाही. त्यावर ब्रायडनस्टाइन यांची प्रतिक्रिया होती की त्यांनी मलाही काही सांगितलेलं नाही. अपघाताच्या चौकशीत याहून घातक वाक्य मला आठवत नाही. स्थानक दोघांचं, हवा सहा जणांची, आणि निष्कर्ष एकाच्या तिजोरीत.

रिकामी जागा दुसऱ्या कशाने तरी भरतेच. २९ जुलै २०२१ ला रशियाच्या नव्या नाउका विभागाची इंजिनं जोडणीनंतर आपोआप सुरू झाली आणि अख्खं स्थानक फिरलं. जगभर टीका झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांत 'तास' या सरकारी वृत्तसंस्थेने एका निनावी उच्चपदस्थाच्या हवाल्याने लेख छापला. त्यात २०१८ च्या भोकाचं खापर औन्योन-चान्सलर यांच्यावर फोडलं होतं. त्यांच्या प्रकृतीबद्दल, मनःस्थितीबद्दल तपशील देऊन. अमेरिकनांनी सत्यशोधक यंत्राची चाचणी नाकारली, कॅमेरा बंद होता, अशा गोष्टींना पुरावा म्हटलं होतं. प्रकृतीचे ते तपशील मी इथे उतरवणार नाही. डॉक्टर आणि अंतराळवीर असलेल्या एका बाईची वैद्यकीय माहिती, खरी असो वा रचलेली, आरोपाचं हत्यार म्हणून वापरणं हाच मोठा अपराध आहे. नासाच्या मानवी मोहिमांच्या प्रमुख कॅथी लुडर्स यांनी त्याच आठवड्यात जाहीर केलं की आम्ही सेरेना यांच्या पाठीशी आहोत आणि या आरोपांत तथ्य नाही. नवे प्रमुख बिल नेल्सन यांनी त्याला दुजोरा दिला. तरीही त्या वर्षाच्या अखेरीस चौकशीचे कागद रशियाच्या तपास यंत्रणांकडे गेल्याच्या बातम्या आल्या आणि नासाला पुन्हा एकदा तेच सांगावं लागलं.

संशयाचा पत्ता

बंद जागेत महिनोन्‌महिने राहणारी माणसं एकमेकांवर संशय घेऊ लागतात, अशी आपली समजूत असते. निक कानास या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मीर हे जुनं रशियन स्थानक आणि आंतरराष्ट्रीय स्थानक यांवरच्या पथकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना जे आढळलं ते वेगळं होतं: पथकातला ताण माणसं आपसात काढण्याऐवजी जमिनीवरच्या नियंत्रण कक्षावर काढतात. शत्रू घरात नको म्हणून तो दूर बसवायचा. माणूस म्हणून हे समजू शकतं, आणि त्याने पथक टिकतं.

एमएस-०९ मध्ये हाच प्रवाह उलटा वाहिला. ताण जमिनीवरचा होता. दोन संस्थांतला, दोन सरकारांतला, एका कारखान्याच्या प्रतिष्ठेचा. तो वर ढकलला गेला, उत्तर द्यायला खाली येऊ न शकणाऱ्या माणसांवर. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २५ जून १९९७ ला प्रोग्रेस मालवाहू यान मीरच्या स्पेक्त्र विभागावर आदळलं आणि हवा जाऊ लागली, तेव्हा वासिली त्सिब्लियेव्ह, अलेक्झांडर लाझुत्किन आणि ब्रिटनमध्ये वाढलेले मायकल फोल यांनी तारा तोडून विभागाचं दार बंद केलं आणि स्थानक वाचवलं. पण खाली दोष देण्याची घाई झाली ती कमांडर त्सिब्लियेव्ह यांनाच.

लांब पल्ल्याच्या मोहिमेची आखणी करणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं ते याच कारणासाठी. मंगळाच्या वाटेवर रेडिओ संदेशाला एका दिशेने वीस मिनिटांहून जास्त वेळ लागू शकतो. 'कोमर्सांत'सारखी बातमी तिथल्या पथकापर्यंत पोहोचली तर फॉइस्टल यांच्यासारखं मुलाखत देऊन खोडून काढता येणार नाही. परतीला महिने लागतील. तेव्हा निघण्याआधीच काही गोष्टी लिहून ठरायला हव्यात: घातपाताचा संशय आला तर पुरावा कोणाच्या ताब्यात राहील, पथकाच्या हालचालींच्या नोंदी दोन्ही देशांना एकाच वेळी मिळतील का, वैद्यकीय माहिती चौकशीत कुठवर जाऊ शकते, आणि अहवाल पूर्ण होईपर्यंत संस्थेच्या प्रमुखाने तोंड बंद ठेवायचं की नाही.

खरा घातपात झालाच तर काय करायचं, याचंही उदाहरण आहे. जुलै २००७ मध्ये एन्डेव्हर शटलमधून स्थानकावर जाणाऱ्या एका संगणकाच्या तारा मुद्दाम कापलेल्या आढळल्या. काम पुरवठादार कंपनीतल्या कामगाराचं होतं. नासाने ते उड्डाणाआधी स्वतःहून जाहीर केलं, संगणक दुरुस्त केला, ऑगस्टमध्ये शटल उडालं. घातपात होता, कबूल केला गेला, म्हणून अफवेला जागाच उरली नाही.

आणि प्रोकोप्येव्ह यांच्या वाट्याला दुसरी परीक्षाही आली. डिसेंबर २०२२ मध्ये ते सोयूझ एमएस-२२ चे कमांडर म्हणून पुन्हा स्थानकावर होते, सोबत दिमित्री पेतेलिन आणि अमेरिकन फ्रँक रुबियो. प्रोकोप्येव्ह आणि पेतेलिन बाहेर पडण्याच्या तयारीत असतानाच यानातून ते थंड ठेवणाऱ्या शीतक द्रवाचा फवारा उडताना कॅमेऱ्यांत दिसला. पुन्हा सोयूझ, पुन्हा मिलिमीटरभराचं भोक, या वेळी रेडिएटरच्या नळीत. खाली युक्रेनचं युद्ध पेटलेलं. संशयाला याहून सुपीक जमीन कुठली! पण रोगोझिन जुलैमध्येच पदावरून गेले होते, आणि या वेळी काम वेगळ्या पद्धतीने झालं. स्थानकाचा यांत्रिक हात फिरवून यान तपासलं गेलं. ११ जानेवारीला नासा आणि रॉसकॉसमॉस यांनी एकत्र पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की कारण सूक्ष्म उल्का दिसतं आणि रिकामं यान बदली म्हणून पाठवू. फेब्रुवारीत एका प्रोग्रेस यानातूनही शीतक गळला, तेव्हा उत्पादनदोषाची शंका उघडपणे विचारली गेली आणि उघडपणेच तपासली गेली. मधल्या काळात आणीबाणी आली तर काय, म्हणून रुबियो यांच्या शरीराच्या मापाचं आसन-अस्तर सोयूझमधून काढून अमेरिकन ड्रॅगन यानात बसवलं. दोन रशियनांनी तापलेल्या सोयूझवर अवलंबून राहण्याचा धोका पत्करला. तिसरं माणूस कमी झाल्याने त्यांच्यासाठी उष्णताही कमी होणार होती. बदली यान फेब्रुवारीअखेर पोहोचलं. तिघेही २७ सप्टेंबर २०२३ ला, ३७१ दिवसांनी, एकत्र उतरले.

स्थानकाच्या रशियन झ्वेझ्दा विभागातली जुनी गळती तर नंतरही अनेक वर्षं दोन्ही देशांना छळत राहिली. २०२० मध्ये तिथल्या अंतराळवीरांनी चहाची पत्ती हवेत सोडून ती कुठे ओढली जाते ते कॅमेऱ्याने टिपलं आणि चीर शोधली. जून २०२५ मध्ये आपल्या शुभांशु शुक्लांचं उड्डाण लांबलं, त्यामागच्या कारणांत हीच गळती होती. तडे कशामुळे पडतात यावर अमेरिकन आणि रशियन अभियंत्यांचं एकमत नाही आणि हे मतभेद कागदावर, लोकांसमोर आहेत. त्या भांडणात कुणा अंतराळवीराचं नाव आलेलं नाही. २०१८ च्या भोकाचा अहवाल मात्र रॉसकॉसमॉसने आजवर प्रसिद्ध केलेला नाही, आणि तो प्रसिद्ध होईपर्यंत औन्योन-चान्सलर यांच्या नावासमोरचं प्रश्नचिन्ह पुसायची जबाबदारी त्याच संस्थेची राहते.